मठातल्या सतरा पायऱ्या

सुल्मोना, मंगळवार

प्रिय बाबा,

सुखरूप पोचले, हे आधी आईला वाचून दाखवा. तिचा खोकला कसा आहे?

काल डोंगरावरच्या बेनेडिक्टाइन साधूंच्या मठात गेले. आठशे वर्षांची भित्तिचित्रं तळघरात आहेत. फादर प्लाचिदो दारातच आडवे आले. "सतरा पायऱ्या आहेत, बाई. कुबड्यांनी नाही जमायचं. वर बसा, फोटो दाखवतो."

"फोटो पाहूनच तर आले," म्हटलं, कुबड्या त्यांच्या हातात दिल्या आणि पायरीवर बसले. मग बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत निघाले.

"अहो, पडाल!"

"बसलेली बाई पडणार कुठे, फादर?"

खाली जमिनीवर बसूनच येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र पाहिलं. टेबलाखाली एक शिष्य चप्पल काढून एका पायाने दुसरा पाय खाजवतोय! मला हसू फुटलं. फादर वाकले आणि शेवटी माझ्याशेजारी मांडी घालूनच बसले. म्हणाले, "तीस वर्षं रोज येतोय इथे. हे कधी दिसलंच नाही."

वर चढायला पाऊण तास लागला. कोपर जरासं सोललंय. पाय ठणकतोय, पण तो घरी बसूनही ठणकतोच.

सिल्वियोदादाने हिवाळ्यात माझी खाट खाली स्वयंपाकघराशेजारी आणली, माझ्या भल्यासाठीच आणली. पण रविवारी आल्यावर मी माडीवरच्या माझ्या खोलीत झोपणार आहे. तिथे त्याने बटाटे पसरलेत, ते शनिवारीच हलवायला सांगा.

तुमचीच,
ओर्तेन्सिया