न बोललेल्या शब्दांचं उदाहरण

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (टेबलाशी बसून लिहिते आहे, तरी साष्टांगच समज.) तुझे गुडघे, दादाचं पित्त, वहिनीची झोप आणि बाळाचं वजन, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करते. मी ठीक आहे. जेवते. हो, ताटात वाढून घेऊन, पातेल्यातून नाही. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. ही व्यवस्था माझ्या लहानपणापासून इतकी सुरळीत चालू आहे, की मधे शिरायचं कुठून ते मला अजून कळलेलं नाही.

दादाने तुझं शिलाई मशीन तिकडे त्याच्या घरी पाठवून द्यायला सांगितलं, त्याला बरेच दिवस झाले. उशिराची कारणं निव्वळ तांत्रिक आहेत. सामान नेणारा माणूस येऊन गेला. मी त्याला मशीनचं माप दिलं, चाकाला धक्का लागला तर काय काय बिघडेल ते समजावलं आणि दोन्ही बाजूंनी किती जाडीचा फोम लावणार ते विचारलं. तो म्हणाला, "ताई, मशीन पाठवताय का विमान?" आणि चहा न घेता गेला. (चहा मी विचारला होता. तुझ्याइतक्या आग्रहाने नाही, पण विचारला होता.)

मधल्या काळात प्रयोगशाळेत एक भानगड झाली. आम्ही पाणी तपासतो हे तुला माहीत आहे. जंतूंची संख्या फार मोठी असते, म्हणून ती दहाच्या घातात लिहायची असते. (तू म्हणायचीस, शून्यांना किंमत नसते तर ती इतकी मोजता कशाला. म्हणूनच मोजत नाही, दहाच्या डोक्यावर एकच आकडा बसवतो.) नव्या भरतीतली एक बाई आधी बेकरीत होती. हात स्वच्छ, जीभ तिखट. तिने गटाराशेजारच्या टाकीच्या अहवालात दहाच्या डोक्यावर चाराऐवजी उणे चार लिहिलं, आणि गावातलं सर्वांत घाण पाणी कागदावर सर्वांत शुद्ध ठरलं. साहेबांनी अहवाल जाण्याआधी पकडला, पण शिक्षा मला झाली : नव्या लोकांना घातांक शिकवा, शाब्दिक उदाहरणं स्वतः तयार करा, रोजच्या आयुष्यातली घ्या, तारे-ग्रह नकोत.

रोजच्या आयुष्यात माझ्याकडे काय आहे? मी घरात बसून पाहिलं. नळ गळत नाही, तो तू जाताना दुरुस्त करून घेतलास. मग हे उदाहरण सुचलं : "एक बाई मिनिटाला १०० शब्द, दिवसाला १० तास बोलते. ती १५० दिवस परगावी गेली. तर घरात न बोललेले एकूण शब्द किती? उत्तर वैज्ञानिक पद्धतीने लिहा." सोपं उदाहरण आहे. (मिनिटाला शंभर हा आकडा मी कमीच धरला, हे तुझ्याबद्दलच्या आदरापोटी.)

साहेबांनी कागद परत पाठवला. माहिती अपुरी, म्हणे; घरातली बाकीची माणसं बोलतातच की. त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी खाली एक ओळ वाढवली : "तिच्याशिवाय घरात कोणी बोलत नाही असे गृहीत धरा." ही ओळ टाईप करायला मला इतका वेळ का लागला, ते सांगता येणार नाही. कीबोर्ड जुना आहे.

वर्गात उत्तर यायला हवं होतं नऊ गुणिले दहाचा सहावा घात, म्हणजे नव्वद लाख. बेकरीवालीने पुन्हा उणे सहा लिहिलं. मी म्हटलं, म्हणजे पाच महिन्यांत त्या बाई एका शब्दाचा जेमतेम लाखावा भाग बोलल्या असत्या, हा त्यांचा अपमान आहे. एवढं बोलून गेले. मग ती हळूच म्हणाली, "अगंबाई, म्हणजे त्या खऱ्या आहेत?" मी म्हटलं, चिन्ह सुधारा. तिने सुधारलं, खाली रेघ मारली आणि पेन ठेवून म्हणाली, "मॅडम, उत्तर आलं. बाई कधी येणार?"

हे अभ्यासक्रमात नाही असं मी सांगितलं. पण आता रोज डबा खाताना तुझी चौकशी होते. परवा साहेबही जिन्यात थांबून "आत्याबाई कशा आहेत?" म्हणाले. इतकी वर्षं प्रयोगशाळेत माझ्याबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं, ते फार सोयीचं होतं.

बाळाला पापा. दादाला आणि वहिनीला नमस्कार. तू औषध वेळेवर घे आणि सकाळी चालायला जा.

तुझी भाची

ता. क. : सामान नेणारा मंगळवारी पुन्हा येतोय. या वेळी तो फोम आणणार आहे, तोही माझ्या जाडीचा. (मी सांगितलेल्या जाडीचा. तू हसलीस, माहीत आहे.) त्यामुळे तांत्रिक कारण शिल्लक नाही.

ता. क. २ : दादा मला म्हणाला, "आईला इथे करमत नाही, मशीन आलं की रमेल, मग परत जायचं नाव काढणार नाही." त्याचं खरं आहे. म्हणूनच पाठवलं नाही. तुला तिथेच राहायचं असेल तर मंगळवारच्या आत सांग; मी सुई काढून, पट्टा उतरवून, स्वतः बांधून देईन आणि नातवंडापाशी राहतेस म्हणून एक शब्द बोलणार नाही.

ता. क. ३ : काल मशीनवर बसले होते. शिवायला काही नव्हतं, तशीच पाय मारत राहिले. घरभर आवाज होतो. कापड न घालता चालवलं की ते पुढे सरकवणारे खालचे दात झिजतात, हे मला माहीत आहे. ओरडायचं असेल तर इथे येऊन ओरड. फोनवर नको.