विभूती पाहून सोडलेले हात

लातूर,
रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय अप्पा,

शरणार्थ.

आधी माफी मागते. तुम्ही गेल्याला चार वर्षं झाली, आणि रोज डायरी लिहिणाऱ्या तुमच्या लेकीनं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. डायरीत तुमच्याबद्दल पुष्कळ लिहिलं, पण सगळं चांगलंच. आज तुम्हाला काही विचारायचं आहे आणि ते डायरीला विचारून भागणार नाही.

आपल्या भागात आता कबड्डीची लीग निघाली आहे! खेळाडूंना मानधन, पाठीवर नाव छापलेली जर्सी, नांदेडच्या बंद हॉलमध्ये मॅट, वर दिवे. तुम्ही असता तर आधी नखानं मॅटचा कोपरा उचकटून खाली काय आहे ते पाहिलं असतं. आणि कुणी नियम मोडला तर शिक्षा ठरवायला तीन माणसांची शिस्त समिती. त्या तिघांत मी आहे. मला का घेतलं असेल? एक बाई हवी होती, आणि तुमचं नाव हवं होतं. नेमणुकीच्या पत्रात पहिल्याच ओळीत ‘थोर पंच अप्पांच्या कन्या’. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते हे चौथ्या ओळीत!

दोन हंगाम आम्हाला काही कामच नव्हतं. एकदा पंचाला शिवी दिल्याचं प्रकरण, एकदा जर्सी फाडल्याचं. आता मात्र खरं काम आलं आहे.

लातूरच्या संघात मन्मथ नावाचा डावा कोपरा रक्षक आहे. उदगीरकडचा, सत्तावीस वर्षांचा, आपल्यातलाच, विभूती लावणाऱ्या घरातला. त्यानं घोटा धरला की चढाई करणारा परत जात नाही अशी ख्याती. उपांत्य सामन्यात नांदेडच्या चढाईपटूचा घोटा त्यानं तीनदा धरला आणि नांदेड हरलं. सामन्यानंतर त्या चढाईपटूनं पाहिलं तर मोज्याच्या वरच्या कातडीला पिवळट, चिकट थर. त्यांच्या व्यवस्थापकानं तक्रार केली, मन्मथच्या पिशवीत एक डबी निघाली. वरून पाहिलं तर विभूती. वास मात्र धुपाचा.

ती डबी समितीनं माझ्याकडे दिली. तुम्हाला माहीत आहे, मला असं काही मिळालं की भूक लागत नाही. मी चिमूटभर पूड स्पिरिटमध्ये टाकली. विभूती तळाला बसली. वरचं नितळ स्पिरिट पाण्यात ओतलं, तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. राळ होती, अप्पा! किराणा दुकानात धुपासाठी मिळते ती, बारीक कुटून विभूतीत मिसळलेली.

एवढ्यानं माझं समाधान होईना. तुमच्या जावयांना मागच्या अंगणात खुर्चीवर बसवलं, पायावर पाणी टाकलं आणि घोटा धरला. आधी नुसती विभूती हाताला लावून, मग राळ मिसळलेली.

“अगं, तू मला बाद करून राहिलीस का तपासून राहिलीस?” ते म्हणाले. शेजारच्या वहिनी भिंतीवरून पाहत होत्या. “शैलाताई, मालक पळून चालले होते का हो?”

नुसत्या विभूतीनं पकड सुरुवातीला बसली, पाणी लागलं तसा तिचा चिखल झाला आणि घोटा निसटला. राळेचा हात मात्र निसटला नाही. जावयांच्या पायाचे केस अजून मला शिव्या देतात.

या दिवसांत मी खूप वाचलं. जगभरच्या लीग फसवणुकीला काय शिक्षा देतात? कुठे चेंडू घासणाऱ्याला काही महिने घरी बसवतात, कुठे संघाचे गुण कापतात. सायकलच्या एका शर्यतीत तर विजेत्याचं नाव खोडून जागा रिकामीच ठेवली आहे. ती रिकामी ओळ मी कितीतरी वेळ पाहत बसले. पण बहुतेक ठिकाणी असं दिसतं की खेळाडूला शिक्षा होते आणि सामन्याचा निकाल तसाच राहतो. हरलेले हरलेलेच. असं का? आणि समोर उभ्या असलेल्या पंचाला कुणी काही विचारतं का? हे शोधायला गेले तर फार थोडं सापडलं.

बुधवारी नांदेडला सुनावणी झाली. अध्यक्ष गायकवाडसर, तुमच्या शिट्टीवर खेळलेले, आता निवृत्त क्रीडाशिक्षक. दुसरे खान वकील, मूळचे हदगावचे. तिसरी मी. समोर मन्मथ, हात गुडघ्यांवर ठेवून.

“विभूतीच हाय मॅडम, देवाशपथ,” तो पहिल्यांदा म्हणाला.

मी स्पिरिट आणि पाणी बरोबर नेलं होतं. त्याच्यासमोर करून दाखवलं. पाणी पांढरं झालं तसा तो खाली बघायला लागला.

“मिसळली राळ,” तो म्हणाला. “नुसती विभूती धा मिनिटं टिकती. घाम आला की संपलं.”

“मग नुसती राळच का नाही लावली?”

“राळ पंचांनी पुसायला लावली असती की. विभूती कोण पुसायला लावल?”

मी विचारलं, “त्या दिवशी पंचांनी हात तपासले नव्हते?”

“तपासले. माझा हात हातात घेतला, पाह्यलं, विभूती दिसली, नमस्कार केला आन् सोडलं.”

अप्पा, त्या क्षणी मला मन्मथ दिसेनासा झाला. तुम्ही दिसलात.

आठवतं का? रेणापूरजवळच्या त्या गावची यात्रा. मी अकरा वर्षांची, गुणलेखकाच्या शेजारी पोत्यावर बसलेली. आपल्या लातूरचा संघ आणि हदगावचा संघ. शेवटच्या चढाईत हदगावचा उंच गडी पकडीत सापडला आणि तिथूनच ओरडला, “पंचसाहेब, ह्याचा हात बघा की! चिकटून राह्यला!” तुम्ही गेलात. आपल्या गड्याचा तळवा उलटा करून पाहिलात. पांढरा होता. तुमच्या कपाळावरही त्याच विभूतीचे तीन पट्टे होते. तुम्ही हात सोडलात, स्वतःच्या कपाळाला बोटं लावलीत आणि शिट्टी वाजवलीत. हदगाव हरलं.

एसटीत मी विचारलं होतं, “अप्पा, त्याच्या हाताला लावलं होतं ना?”

“विभूती व्हती ती. ती पुसायला सांगायची न्हाई, पोरी.”

नंतर लातूर येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, दमलात.

एरवी तुमच्याइतका कडक पंच कोण होता? अंगाला तेल लावून कुणी उतरला तर तुम्ही त्याच्या पोटरीवर वर्तमानपत्राचा तुकडा घासायचात आणि उन्हात धरायचात. डाग दिसला की बाहेर. तेलाला तुम्ही कधी सूट दिली नाहीत. मग विभूतीला का दिलीत? देवाच्या नावानं कुणी फसवणार नाही अशी खात्री होती? की खात्री नव्हती, फक्त ते पुसून टाका म्हणायला जीभ वळली नाही? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. मी तुमच्या जागी असते तर माझी वळली असती का, तेही मला ठाऊक नाही.

चहाच्या वेळी गायकवाडसर मला बाजूला घेऊन म्हणाले, “शैला, तुझ्या अप्पांच्या सामन्यात हे घडलंच नसतं. ते तर सामन्याआधी दोन्ही संघांना ओळीनं उभं करायचे, स्वतः तांब्यानं हातावर पाणी घालायचे. लई मान वाटायचा आम्हाला, जेवायला बसवल्यासारखं. मग ज्याला पाहिजे त्याच्या कपाळाला स्वतःच विभूती लावायचे. कपाळाला, बरं का.”

मी त्यांना विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, आधी तर पाहिल्याचं आठवत नाही, बहुधा रेणापूरकडच्या एका यात्रेनंतरच्या वर्षीपासून.

तर तुम्हाला कळलं होतं! पुढच्या सगळ्या सामन्यांत तुम्ही गड्यांचे हात धुतलेत. इतकं सुंदर, कुणाचा अपमान न करणारं उत्तर शोधलंत. मला तुमचा किती अभिमान वाटला. आणि लगेच रागही आला. हदगावच्या त्या उंच गड्याला कधी सांगितलंत का, की तू बरोबर होतास? तो ओरडला म्हणून तुम्ही त्याला समज दिली होतीत, अप्पा. गुणलेखकानं ती लिहिली, मी पाहिली. आपण एसटीत बसेपर्यंत लोक त्याला ‘रडका’ म्हणत होते. त्याच्या हिश्शाचं पाणी कुणी घातलं?

आता माझ्यासमोरचं सांगते. गायकवाडसरांना मन्मथवर दोन हंगामांची बंदी हवी आहे. त्याच्या वयात कोपरा रक्षकाला दोन हंगाम म्हणजे गुडघे संपले, पोलीस भरतीची खेळाडूंची जागा गेली. “आन् पंचांचं नाव काढू नकोस,” ते म्हणाले. “पंच मिळत न्हाईत हल्ली.”

खान वकील म्हणाले, “ताई, डबीत निव्वळ राळ असती तर मी दोन ओळींत निकाल लिवून दिला असता. विभूतीवर खान बोलला तर उद्या गावात वेगळीच कबड्डी सुरू व्हईल. तुम्ही म्हणाल तिकडं माझं मत.” हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

म्हणजे निर्णय माझ्याच मतावर आहे. चार दिवस मी स्वतःला तपासते आहे. मन्मथ आपल्यातला म्हणून मला त्याची दया येते का? तसं असेल तर मी त्या समितीत बसू नये. की तो आपल्यातला आहे म्हणून लोक बोलतील या भीतीनं मी जास्त कडक होते आहे? तेही तितकंच वाईट. त्यानं जाणूनबुजून फसवलं, यात शंका नाही. पण पंचांच्या नमस्काराशिवाय त्याची डबी कामाची नव्हती. तो नेमका त्या नमस्कारावर खेळला. मग एकट्या त्यालाच दोन हंगाम घरी बसवून आम्ही कशाला शिक्षा करणार आहोत?

मी असं ठरवलं आहे. मन्मथला एक हंगाम बंदी, कारण फसवलं, आणि दोन नाही, कारण शेवटी कबूल केलं. हात पाहून सोडणाऱ्या पंचाला समितीपुढे बोलवायचं आणि विचारायचं. निकाल बदलण्याचा नियम आमच्याकडे नाही, पण निकालपत्रावर नांदेडची तक्रार खरी होती असं एक वाक्य लिहायचं. आणि यापुढे प्रत्येक सामन्याआधी सगळ्यांच्या हातावर पाणी.

पण हे लिहायचं तर अर्धं लिहून चालणार नाही. ज्या बाईनं पंचाला दोष दिला तिच्या वडिलांनी हेच केलं होतं, आणि तिला ते माहीत होतं, हे त्यांना कळायला हवं. कदाचित ते म्हणतील, मग ताई, तुम्ही या प्रकरणात नको. म्हणू देत. कदाचित लीगच्या पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीतून तुमचं नाव जाईल.

रागवाल का? तुम्ही रागावलात की कपाळावरचे तीन पट्टे जवळ यायचे, ते मला आत्ता दिसत आहेत. पण मला असंही वाटतं, एसटीत त्या दिवशी मी पुन्हा एकदा विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. मी विचारलं नाही. खिडकीतून करडईची फुलं मोजत बसले. तेवढी चूक माझी.

अप्पा, मी वचन देते. माझ्या मताच्या पहिल्याच परिच्छेदात तो सामना येईल, तुमच्या नावासकट. आणि लगेच पुढच्या वाक्यात ते पाणी येईल. दोन्ही लिहीन. एकही सोडणार नाही, तुम्हाला वाचवायला नाही आणि मला मोठं करायलाही नाही.

तुमची,
शैला

उद्या: सही करण्याआधी खान वकिलांना हदगावच्या त्या गड्याची गोष्ट सांगणे.