चौदा नंबरच्या खोलीतून सुटलेल्या बाईची निरवानिरव

मी, लिनेट हॅनिगन, वय एक्केचाळीस, राहणार हॉर्शम, व्हिक्टोरिया, पूर्वीचा धंदा मेंढ्यांची लोकर कातरणे, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझं मानेखालचं शरीर चालत नाही, डोकं चालतं. हा खुलासा आवश्यक आहे, कारण वृद्धाश्रमात नऊ वर्षं तो कुणाला पटला नाही.

१. माझं लोकर कातरण्याचं यंत्र भाची टेगन हिला द्यावं. तिने ते शोभेला ठेवू नये, चालवावं.

२. माझी आरामखुर्ची भाऊ डॅरेल यास. बत्तिसाव्या वर्षी मोटारसायकल उलटून माझी मान मोडली. इस्पितळाला खाट रिकामी हवी होती, म्हणून यानेच मला वृद्धाश्रमात पोचवलं. "सहाच आठवडे गं, लिन! बडदास्त बघ कशी आहे!" बडदास्त खरंच होती. साडेचारला रात्रीचं जेवण, सातला दिवे बंद. डॅरेल मला दर नाताळात न चुकता भेटे, वीस मिनिटं. खुर्ची मऊ आहे. त्याने तीत नऊ वर्षं सलग बसून पाहावं.

३. 'सर्वांत आनंदी रहिवासी' हा करंडक व्यवस्थापिका मिसेस प्रुएट यांना साभार परत. मी बाहेर जायचं नाव काढलं की बाई म्हणत, "इथं सगळे खूश आहेत, तुलाच काय धाड भरलीय?" सगळे खूश होतेच. दर पंधरवड्याला त्यातला एक मरायचा, इतकंच.

४. शेजारच्या खोलीतल्या मेव्हिस गफ, वय एकोणनव्वद, निवृत्त मुख्याध्यापिका, यांच्या थडग्यावर दरवर्षी ताजी फुलं ठेवावीत. सरकारी पाहणीला आलेल्या माणसाची बाही धरून त्या म्हणाल्या, "साहेब, इथं मरायला मी आलेय. ही पोरगी कशाला?" मग त्याने मला विचारलं, "तुम्हाला कुठं राहायचंय?" हे मला कुणी पहिल्यांदाच विचारलं. मी रडले. त्याने 'रहिवासी थकलेली' अशी नोंद केली, पण वर्षभरात हे घर मिळालं. मदतनीस शेजारच्या घरात, हाक मारली की येते. पहिल्या दिवशी मी अकरापर्यंत झोपले. ते सांगायला मेव्हिसबाई राहिल्या नव्हत्या.

५. घर भाड्याचं असल्याने ते कुणाला देता येत नाही, हे वकीलबाईंनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा नको. तरीही लिहा: माझ्यामागे इथं किरन डॉयलला आणावं. तो सव्वीस वर्षांचा आहे, आणि आता वृद्धाश्रमात माझ्याच जुन्या चौदा नंबरच्या खोलीत असतो. मंगळवारी त्याने फोनवर विचारलं,

"तुझ्याकडे दार कोण उघडतं?"

"मी. नुसतं 'उघड' म्हणायचं, उघडतं."

"आणि कुणी यावंसं वाटलं नाही तर?"

"तर नाही म्हणत."

तो म्हणाला, "लिन, परत सांग ना."

साक्षीदार: इयन स्कर्लॉक, पशुवैद्य, पेट्रा वँडरमीर, ग्रंथपाल. दोघांनाही यातून काही मिळत नाही, चहा मिळाला.

सही: लिनेट हॅनिगन (दातांत पेन धरून, साक्षीदारांसमक्ष, अकरा मिनिटं लागली, कुणी घाई केली नाही)

हॉर्शम, ९ मे २०२३