सुलूच्या जागची टाळी

१२ सप्टेंबर २००२, हिंगणघाट
आईच्या भुलाबाईच्या गाण्यांची सीडी तयार होऊन आली. मार्चमध्ये गायली होती, उन्हाळ्यातल्या दुखण्याआधी. आता आवाज पार बसलाय. बरं झालं, तेव्हाच धरून ठेवला.
आईने सीडी उन्हात धरून तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं. "माहा गळा याच्यात कुठी बसला वं?"
नात्यातल्या मुलींना एकेक प्रत. सुलूलाही एक पाठवली, सिंदीला. आईला विचारून नाही, पण लपवूनही नाही. सुलूने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हापासून आई आपल्या धाकट्या लेकीचं नाव घेत नाही. इतकी वर्षं...

२१ सप्टेंबर
आज भुलाबाई बसली, आता कोजागिरीपर्यंत रोज गाणी. संध्याकाळी गल्लीतल्या मुली आल्या. ह्यांच्या कॉम्प्युटरवर सीडी लावली.
'एक लेक दिली बाई नदीच्या काठी, नंदाबाई गं.' ती मी. पुढे दुसऱ्या लेकीची ओळ. तिथे नाव नाही, नुसती टाळी. मग थेट नातवंडं. गाताना समोर बसून ऐकलं होतं, तेव्हा कसं कळलं नाही मला?
मुली नाचत राहिल्या. भिंतीवर सीडीच्या डबीवरून उडालेलं मावळतीचं ऊन रंगीत होऊन हलत होतं. मला मध्येच वाटलं, आपण सगळे पाण्याखाली आहोत आणि वरून कोणी हाका मारतंय.

२४ सप्टेंबर
आज आईनेच सीडी लावायला सांगितली. टाळीपाशी तिचा हात मांडीवर थांबला.
"सुलीचं नाव राह्यलं."
'राह्यलं' म्हणाली. जसं भाजीत मीठ घालायचं राहतं.
"दुकानात ने, टाकून आण."

२५ सप्टें.
वानखडेंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, सीडी त्यांनीच केलेली. ते हसले नाहीत, हे बरं.
"मॅडम, हे एकदा कोरलं का झालं. मंग मशीन फक्त वाचते. पुसता नाई येत, मधात घालता नाई येत. नवी करून देतो, पण वाटल्या त्या तशाच राहतीन."
म्हणजे सुलूकडची तशीच.
परतताना वेणा नदीच्या पुलावर थांबले. पाणी संथ. हे गाणं कधीच पुरं नव्हतं. मी जन्मले तेव्हा त्यात एक ओळ वाढली, माझी मीरा झाली तेव्हा आणखी एक. दर वर्षी थोडं वेगळं. आम्ही ते जपायला गेलो आणि नेमकं आईच्या रागातलंच एक वर्ष कोरून बसलो.

२९ सप्टें.
नव्या सीडीसाठी वानखडे घरी माईक घेऊन आले. माझ्या नावापर्यंत आवाज कसाबसा पोचला. पुढे खोकला. पुन्हा. पुन्हा खोकला.
वानखडे म्हणाले, "आजी, नुसतं 'सुलू' म्हणा. मी जुन्या गाण्यात जोडून देतो."
"नाई जी. लेकीचं नाव का ठिगळ हाये?"
चहा घेऊन गेले ते.

६ ऑक्टोबर
सुलूचा फोन. "ऐकली सीडी. तुह्या नावानंतर टाळी मोठी जोरात वाजली वं, ताई."
मी सगळं सांगितलं. नाव घालायला आई तयार आहे, यंत्र नाही.
सुलू म्हणाली, "सीडीत काऊन पाह्यजे? तिले तोंड नाई का?"
आई दाराशीच होती. "काय म्हनते?"
शब्द न बदलता सांगितलं. वाटलं, आता भडकेल. आई ओठ दाबून हसली. "माह्यावरच गेली कार्टी."
फोन मात्र घेतला नाही.

१८ ऑक्टोबर
परवा कोजागिरी, भुलाबाई उठेल. सकाळी आई सहज विचारल्यासारखं, "सिंदीले जायाले वर्ध्यात गाडी बदला लागते ना?"
"हो."
"बसनं गेलं तं?"
"बसनं जाऊ."
मग पातळ स्वतःच काढून ठेवलं, जांभळं.
आता संध्याकाळ. मी दूध आटवतेय. आई दारापुढच्या ओट्यावर पाय सोडून बसलीय, पाठ माझ्याकडे. हळू गुणगुणतेय, अगदी स्वतःपुरतं. आवाज फाटका, पण चाल तीच. माझं नाव आलं. थांबली. परत पहिल्यापासून सुरू केलं. नदीचा काठ, नंदाबाई... पुन्हा थांबली. मोठा श्वास घेतला.
मी गॅस बारीक केला.