भिंगरी नियंत्रित गटात

६ जानेवारी

चिठ्ठी निघाली. भिंगरी नियंत्रित गटात.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच कळणार नाही. संशोधन पद्धतीच्या तासाला मी दरवर्षी फळ्यावर दोन चौकोन काढते — एका गटाला नवा उपाय द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, शेवटी तुलना करायची. हा दुसरा तो नियंत्रित गट. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली ही मोठी मोठी मुलं ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. यंदा म्हटलं, खराखुरा प्रयोग करू. आवारातच आमची सराव शाळा. तिथल्या तिसरीत वाचनात मागे पडलेली वीस मुलं. घाईताईने जोडाक्षरांची चित्रकार्डं तयार केली आहेत. (हजेरीला नाव पुकारायच्या आत "हजर!" म्हणते, म्हणून माझ्यापुरती घाईताई.) दहा मुलांना सहा आठवडे रोज अर्धा तास कार्डं. बाकीच्या दहांना नेहमीचंच शिक्षण, कार्डं नंतर.

त्या वीसांत भिंगरी आहे. माझी.

शेवटच्या बाकावरून शंकासुराचा हात वर. "मॅडम, तुमची मुलगी आहे ना त्यात? वगळायचं का तिला?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आणि मी म्हटलं, "चिठ्ठीपुढे सगळे सारखे." काय तो रुबाब! खडूचा डबा रिकामा केला, चिठ्ठ्या घातल्या, स्वतःच्या हाताने काढल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवीकडच्यांना कार्डं.

तिची डावीकडे गेली. मी चेहरा हलू दिला नाही. वर्गाला वाटलं असेल, काय बाई आहे! खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

७ जानेवारी

जेवताना नवऱ्याला सांगितलं.

"चिठ्ठी कोणी काढली?"

"मीच."

"मग परत डब्यात टाकता आली नाही?"

त्याचं औषधांचं दुकान आहे, म्हणून त्याच्याच भाषेत समजवायला गेले. म्हटलं, तू विकतोस ती प्रत्येक गोळी अशाच प्रयोगातून आलीय. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसती साखर.

"आलीय ना. पण साखर वाटणाऱ्याने ती आपल्या तापलेल्या पोरीला दिली नसेल."

पाणी प्यायला आणि उठला. भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "कोणाला ताप आलाय?" म्हणे.

१४ जानेवारी

कालपासून सुरू झालं. माझ्या खोलीच्या खिडकीतून शाळेचा व्हरांडा दिसतो. पहिला तास संपला की घाईताई येते, नावं पुकारते, आणि दहा मुलं एकमेकांचे शर्ट धरून आगगाडीसारखी जिन्याखालच्या खोलीत जातात. भिंगरी दारापर्यंत आली. चौकटीला टेकून उभी राहिली. मग आत गेली.

संध्याकाळी बूट काढता काढता: "आई, माझं नाव का नाही घेतलं? मी ढ आहे म्हणून?"

"ढ नाहीस गं. चिठ्ठीत तसं निघालं. तुझी पाळी नंतर."

"मग चिठ्ठीला सांग ना."

तिचं बरोबर आहे. कोणाला सांगायचं ते तरी तिला माहीत आहे.

१९ जानेवारी

भिंगरी वाचते कशी, ते इथे एकदा लिहायलाच हवं. ती वाचत नाही. पाठ करते. वर्गात बाई धडा दोनदा वाचतात, तेवढ्यात तिचा तोंडपाठ. मग बोट ठेवून धडाधडा म्हणते, आवाजाच्या चढउतारासकट! तिच्या वेगाने मी किती महिने फसले. एक दिवस बोट बघितलं — म्हणत होती चौथी ओळ, बोट होतं सातवीवर. सुटा शब्द दाखवला, "रस्त्यावर". बघत राहिली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली, तिथे काही लिहिलंय का म्हणून.

रोज गोष्ट मी वाचून दाखवते ते चालूच आहे. तेवढं चालतं. नेहमीचं नेहमीसारखं ठेवायचं, हा नियम. मीच शिकवते.

२४ जानेवारी

कार्डं लागू पडताहेत. चाचणी लागत नाही त्यासाठी. आगगाडीतला एक मुलगा व्हरांड्यातल्या पाट्या मोठ्याने वाचत निघाला होता — "स्व-च्छ-ता-गृह!" मागचे सगळे खिदळत होते. घाईताई आनंदाने रडायच्या बेतात. मी तिला म्हटलं, "वा." एवढंच निघालं तोंडातून.

३० जानेवारी

वर्गशिक्षिकेने फाटकाशी गाठलं. "मॅडम, तुम्हाला आधीच कानावर घालते." वरच्या वर्गात घालण्यासाठीची वाचनाची चाचणी मार्चअखेर असते. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी घेणार. न पाहिलेलं एक पान वाचायचं. नाही जमलं तर पुन्हा तिसरी.

"भिंगरीचं काय?"

"तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही तर आमच्या बायांनासुद्धा शिकवता."

टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

प्रयोग संपतो त्याच्या आदल्या शुक्रवारी. चाचणी सोमवारी. तिची पाळी "नंतर" आहे ती ह्याच्याही नंतर. वेळापत्रक आखताना मी महिना हातात धरला होता. आता मध्ये फक्त शनिवार-रविवार.

३१ जानेवारी

वर्गात सहज विचारल्यासारखं विचारलं, "प्रयोग मध्येच थांबवता येतो का?" घाईताई लगेच: "उपाय चांगलाच लागू पडतोय असं दिसलं तर येतो! मग दुसऱ्या गटालाही द्यायचा." पुस्तकातलं उत्तर. हातापायांत जीव आला.

शंकासुर म्हणाला, "पण थांबवायचं कारण लिहावं लागेल ना अहवालात. तीन आठवड्यांत लागू पडलं हे कशावरून ठरवणार? मधली चाचणी आपण ठेवलीच नाही."

"नाही ठेवली," मी म्हटलं.

"मग खरं कारण काय लिहायचं?"

त्याला चाचणीच्या तारखेचं काही माहीत नाही. डोळ्यांत खोडी नव्हती, नुसती शंका होती. मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

१ फेब्रुवारी

आज भांडलो. आवाज न चढवता, तिच्यासमोर नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून.

"संमतीपत्रात तूच लिहिलंयस, पालकांना मूल कधीही काढून घेता येईल. मी पालक आहे. काढून घेतो."

"आपणच काढलं तर बाकीच्या आया का थांबतील? त्यांच्याही मुलांची चाचणी आहे त्याच सोमवारी."

"मग त्यांना सांग ना!"

"सांगितलं तर सगळ्या काढून घेतील."

हे तोंडातून गेलं आणि मलाच ऐकू आलं. तो अगदी हळू म्हणाला, "तुझ्या विद्यार्थ्यांसमोर तुला खाली बघायला लावणार नाही मी. पण हे तू कोणासाठी करतेयस, ते एकदा स्वतःला विचार."

विचारलं. उत्तर आलं नाही. की आलं, आणि मी ऐकलं नाही?

३ फेब्रुवारी

शाळेने चाचणीची तारीख पालकांना कळवली. आता सगळ्यांना माहीत आहे. एकाही आईने मूल काढून घेतलं नाही. वाटलं, बघ, लोकांचा केवढा विश्वास आहे. घरी येऊन नवऱ्याला तेच सांगितलं, जरा जोरातच. तो "बरं" म्हणाला.

५ फेब्रुवारी

दोघंही बोलतोय. पोरीचा डबा, विजेचं बिल, गॅस. बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कार्डांचा एक संच तपासायला म्हणून माझ्या पिशवीत आहे. दुपारी नवरा दुकानात. पिशवी उघडली, कार्डं पलंगावर मांडली. किती सुरेख केली आहेत मुलीने! "स्त" चं कार्ड — अर्धा स मोडक्या पायाचा, आणि त त्याला खांदा देतोय. अर्ध्या तासात हे तिला कळेल. आयुष्यभर कळेल. कोणाला समजणार आहे?

हाक मारली. "भिंगरे, इकडे ये गं."

ती जिन्यावरून धडधडत आली. तिच्या पावलांचा आवाज जवळ येईपर्यंत मी कार्डांवर चादर ओढली होती.

"काय?"

"नखं वाढलीयेत. दाखव हात."

दहाही नखं कापली. तिच्या बोटांना खडूचा वास येत होता. "आई, कालच तर कापलीस," ती म्हणाली. तरी हात काढून घेतला नाही.

१७ फेब्रुवारी

शेवटचा आठवडा. झोप नाही. शिकवताना वाक्य अर्ध्यात सुटतं. आज "यादृच्छिक निवडीमुळे दोन्ही गटांवर अन्याय होत नाही" असं म्हणून गेले; म्हणायचं होतं "फरक राहत नाही". कोणी हसलं नाही. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

२१ फेब्रुवारी

संपलं. वीसही मुलांची शेवटची चाचणी झाली. निकाल घाईताई मंगळवारी देणार.

मी चारला शाळेच्या दारात उभी. तिचा हात धरला, घरी आणलं, पलंगावर सगळी कार्डं मांडली. "आली तुझी पाळी!" शनिवार, रविवार, दोन दिवस. नवरा दुकान बंद ठेवणार, पहिल्यांदाच. तिघं मिळून बसणार आहोत.

२४ फेब्रुवारी

दोन दिवसांत होत नाही. तिला सगळं एकदम भरवलं, सगळं एकात एक मिसळलं. चाचणीत पहिल्या ओळीत अडकली. मग शिकलेल्यातला एक जुना धडाच म्हणून दाखवला म्हणे, चढउतारासकट. वर्गशिक्षिकेला सांगताना कसंसंच होत होतं.

२५ फेब्रुवारी

घाईताई आज सावकाश चालत आली. तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय.

नियंत्रित गटही वर गेलाय! कार्डं मिळालेल्यांच्या जवळपास. तुलनाच उरली नाही, सगळा प्रयोग पाण्यात. "मॅडम, माझं काय चुकलं?" रडायलाच लागली.

शंकासुर आणि आणखी दोघं शाळेत चौकशी करून आले. आगगाडीतली मुलं मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे "शाळा शाळा" खेळायची. स्वतः शिक्षक व्हायची, बाकीच्यांना लुटुपुटीच्या छड्या मारायची, आणि खडूने जमिनीवर तीच कार्डं काढायची. शिवाय चाचणीची तारीख कळल्याबरोबर आयांच्या ग्रुपवर कार्डांचे फोटो फिरले. मूल कोणी काढून घेतलं नाही, ते ह्यामुळे! एक आई त्यांना म्हणाली, "मग काय, आमच्या पोरांनी नुसतं बघत बसायचं?"

"तुम्ही नाही का त्या ग्रुपवर?" शंकासुराने मला विचारलं. नाही. मॅडमपासूनच तर लपवायचं होतं!

शंकासुर हसत होता. "मॅडम, प्रयोग अख्ख्या गावानेच केला की." मग हातातल्या तक्त्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. दहांतली नऊ मुलं वर गेलीत. एक जिथे होतं तिथेच. तक्त्यात नाव नसतं, नुसता क्रमांक. त्याने तो कागद पालथा करून माझ्या टेबलावर ठेवला.

२७ फेब्रुवारी

यादी लागली. पुन्हा तिसरीत एकटीच. भिंगरी.

नवरा ऐकून दुकानात निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

१ मार्च

सकाळी वेणी घालताना विचारलं. टाकीमागे सगळी जायची, तू का नाही गं गेलीस?

"जायचे की. पण मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. सगळी म्हणायची, बघ ना, बघ ना. मी नाही बघितलं. एकदासुद्धा नाही."

"का?"

"तूच सांगितलंस. आपण कार्डं बघायची नाहीत, आईचं काम बिघडेल."

म्हणाले असेन. कधीतरी, जाता जाता. मागची सगळी पानं चाळली. कुठेच नाही. लिहून ठेवण्याइतकं ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.