साक्षर असल्याचा दाखला

१२ जानेवारी, रविवार

कंपनीची बस आलीच नाही! घरून, रीमहून, पार कारखान्यांच्या मुसफ्फापर्यंत दोन बसेस बदलून गेले. कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये बावीस जण वह्या उघडून बसलेले. इंग्रजीचा वर्ग कसला, सांबाराचा वास आणि डुगडुगणारी टेबलं. पण वसईतली शाळेची नोकरी सोडून आखातात आले तेव्हापासून हातात खडू नव्हता. आमचा नवरोबा एडविन म्हणाला, "फुकट शिकवायला एवढ्या लांब?" त्याला काय कळणार.

कॅम्पचे सुपरवायझर लियाकतभाई रत्नागिरीचे. मराठी ऐकून एकदम खूश. "मॅडम, ही माणसं थकून येतात हो. फार आशा ठेवू नका."

१९ जानेवारी

आज तोंडावर आपटले. "तुम्ही साउथवाले..." म्हणून काहीतरी बोलायला गेले, तर मागून मराठीत आवाज आला, "मॅडम, आमच्या गावाहून नांदेड जवळ. चेन्नई मी अजून पाहिली नाही."

विष्णू. निजामाबादकडचा, बोधनचा. वर्कशॉपमध्ये पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर असतो. घरी तेलुगू, बाजारात मराठी, इथे हिंदी. त्याच्या शेजारचा तमिळ, पलीकडचा मलयाळी. तिघांना एकमेकांचं अक्षर वाचता येत नाही. आणि मी सगळ्यांना एका पोत्यात घालून मोकळी!

इंग्रजीत मात्र तो गप्पच असतो. त्याची वाचायची पाळी आली की मी पुढच्याला उठवते. चाळिशीच्या माणसाला चारचौघांत लाज कशाला आणायची?

२ फेब्रुवारी

परीक्षा. मागे बॅनर, फोटोवाला, केक. विष्णूची ड्युटी होती, तो आलाच नाही. बावीस सर्टिफिकेटं एचआरने छापूनच आणलेली: 'कॅन रीड अँड अंडरस्टँड इंग्लिश.' पंधरा जणांना तर धड अर्जही भरता येत नाही. लियाकतभाई म्हणाले, "करा सही मॅडम, घरी फोटो पाठवतील बिचारे." केल्या. बावीसच्या बावीस. विष्णूच्या सर्टिफिकेटवरसुद्धा.

घरी सांगितलं तर लिनेट मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "सो यू लाइड, मम्मा?"

पंधरा वर्षांची पोर. चांगुलपणा म्हणजे काय, तिला कुठे ठाऊक!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लियाकतभाईंचा फोन. विष्णूचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. दोन बोटं गेली.

२० फेब्रुवारी

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. तो हसला. मला बघून हसला! मी सफरचंदं ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर लियाकतभाईंनी हळूच एक कागद दाखवला. इंग्रजीत जबाब: मशीनचा संरक्षक गार्ड मी स्वतः काढला, चूक माझी, कंपनीची नाही. खाली विष्णूची डाव्या हाताने केलेली वेडीवाकडी सही. आणि मागे पिन मारून माझं सर्टिफिकेट!

"गार्ड फोरमनने काढला होता. काम लवकर उरकायला. सगळ्यांना माहीत आहे."

"मग ही सही?"

"कंपनी म्हणते, वाचून केली. त्याला वाचता येतं असं तुम्हीच लिहून दिलंय ना, मॅडम."

मी परत आत गेले. "विष्णू, कागदावर काय होतं तुला माहीत आहे?" तो भिंतीकडे बघत राहिला. मी समजायचं ते समजले.

माझ्या सहीने त्याच्या बोटांची भरपाई खाल्ली. किळस येते आहे स्वतःची.

२३ फेब्रुवारी

कामगार कार्यालयात लेखी कळवणार म्हटलं, तर एडविनशी कडाक्याचं भांडण. "दुसऱ्याच्या देशात आहोत आपण! तुझ्या एका लेटरने माझी हॉटेलातली नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "आणि त्याचा हात?" तो म्हणाला, "तुला त्याचा हात नाही, तुझं नाव धुऊन काढायचं आहे."



२५ फेब्रुवारी

दिलं! कामगार कार्यालयात लेखी दिलं. 'विष्णूला इंग्रजी वाचता येत नाही. परीक्षा न घेता मी खोटं सर्टिफिकेट दिलं.' काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "आर यू शुअर, मॅम?" एकदम शुअर. बाहेर आले, इथला दाट, दुधाळ करक चहा घेतला. कितीतरी दिवसांनी चहाला चव लागली.

विष्णूला नंतर सांगेन. आधी निकाल लागू दे.

२ मार्च

वर्ग बंद. गेटवरूनच परत पाठवलं. लियाकतभाई नजर टाळत म्हणाले, "खलास, मॅडम. वरून ऑर्डर आहे." विष्णू फोन उचलत नाही. घाबरवलं असणार त्याला. हरामखोर!

५ मार्च

उचलत नाही.

९ मार्च

विष्णूचा फोन आला. आवाज थंड. "मॅडम, मला वाचता येतं. तो कागद मी दोन वेळा वाचला. गार्ड, रिमूव्ड, माय ओन फॉल्ट. सगळं समजून सही केली. बदल्यात माझ्या जागेवर मेहुण्याला घेतो म्हणाले होते. बहिणीचं घर चाललं असतं. व्हिसाही निघाला होता."

मी विचारलं, "होता म्हणजे?"

कंपनीचं ईमेल आलंय म्हणाला. तुमच्या टीचरच्या तक्रारीमुळे ऑफर मागे घेत आहोत, असं. आख्खं ईमेल त्याने मला फोनवर इंग्रजीत वाचून दाखवलं. सावकाश. एकाही शब्दाला अडला नाही.