तारा आणि क्रूस

सांदोमिएझ, ११ डिसेंबर, बुधवार

प्रिय सेवेरिन,

अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. शाळेतल्या आपल्या सिस्टर बेनिग्नांनी हे पान पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, “अपोलोनिया, ही अक्षरं आहेत की अंगणात सोडलेल्या कोंबड्या?” आज मठाच्या शाळेवरून आले. खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. सिस्टरांच्या हातची सफरचंदाची जेली मात्र अजून जिभेवर आहे.

गेली सहा वर्षं मी आपल्या शहराच्या मंडळासाठी एक पुस्तक लिहितेय. आठशे वर्षांत इथे होऊन गेलेली माणसं: बिशप, धान्याचे व्यापारी, सोनार, प्लेगमध्ये सगळे पळाले तरी मागे राहिलेला एक वैद्य. शहरावर चालून आलेल्या तातारांना वाट दाखवते म्हणून भुयारात घेऊन गेली आणि त्यांच्यासकट आत गाडली गेली, त्या मुलीवरही मी अर्धं पान लिहिलं होतं. संपादक हिएरोनिमनी ते काढून टाकलं. “ती गोष्टीतली मुलगी, पोलाबाई. तिला ना तारा, ना क्रूस.” पुस्तकाची रीत अशी आहे की जन्मसालापुढे तारा आणि मृत्युसालापुढे क्रूस हवा. जिवंत माणसाला त्यात जागा नाही.

मी तुलाही त्यात घातलंय. अकरा ओळी आहेत. चौकाखालची तळघरं खचून वरची घरं कोसळायला लागली, तेव्हा सिमेंट ओतण्याआधी दिवा घेऊन एकेक कोठडी मोजणारा, त्यांचा नकाशा काढणारा तरुण. तो नकाशा नसता तर खाली काय होतं हे कुणालाच कळलं नसतं. तू चिखलाने माखून यायचास आणि आपली आई ओरडायची, “अरे, मेल्यावर जायचंच आहे की मातीखाली, आत्तापासून कसली घाई?” आणि गरम बिटाच्या सुपाचा वाडगा तुझ्यापुढे सरकवायची.

आज मंडळाच्या बैठकीत तुझ्या नावावर हिएरोनिमचं बोट अडलं. “ह्यांना नुसता तारा? माणूस आहे की नाताळचं झाड?” सगळे हसले, मीही हसले. मग ते हळूच म्हणाले, “उद्या पुस्तक छापायला जातंय. साल द्या, नाहीतर नाव गाळावं लागेल. दुसरी आवृत्ती कोण काढणार? मंडळात आपण पाचच जण उरलोय, आणि त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही.”

तू ऑस्ट्रियाला निघालास, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, “हा उंबरा ओलांडलास तर मला मेलास.” मी चुलीपाशी होते. दूध ऊतू जाऊ नये म्हणून ढवळत राहिले. मागे वळूनही पाहिलं नाही. इतकी वर्षं मी आईच्या त्या वाक्याला दोष देत आले, पण तुला बहुधा माझी पाठच आठवत असेल.

ती म्हणाली खरी, पण दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी जास्तीचं ताट तीच मांडायची. तशी सगळ्याच घरांत मांडतात, अनाहूत पाहुण्यासाठी. आमच्या त्या ताटाशेजारी मात्र तुझा कान तुटलेला निळा पेला असायचा. कुठल्या अनाहूत पाहुण्याला फुटका पेला देतात? आम्ही दोघी कधी त्याबद्दल बोललो नाही. मी दर वर्षी नाताळला घरच्यांनी वाटून खायच्या प्रसादाच्या पांढऱ्या पापडीचा कोपरा मोडून घ्यायची आणि उरलेली पाकिटात घालून तुला पाठवायची. तुझं उत्तर कधीच बंद झालं होतं, पण पाकिटं परत येत नव्हती. तेवढं मला पुरत होतं.

२००४च्या फेब्रुवारीत आई गेली. मी तार केली होती. दफनाच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या स्कोलास्तिकाबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “मुलगा नाही आला? बरोबर आहे, ऑस्ट्रियात काळे कपडे मिळत नसतील!” अजूनही बाजारात भेटल्या की त्या तुझी चौकशी करतात, आणि मी बटाटे निवडत राहते.

गेल्या जानेवारीत माझं पाकीट पहिल्यांदाच परत आलं. न उघडलेलं, आत पापडीचा चुरा. वर जर्मनमध्ये लिहिलं होतं: “परत. असा माणूस इथे राहत नाही.” त्या पहिल्या, ‘त्सुरुक’ या जर्मन शब्दातल्या झेडला मधोमध आडवी काडी होती आणि काडीच्या टोकाला हुकासारखा बारीक वळसा. हिएरोनिमना पाकीट दाखवलं तरी ते कळणार नाही. पण तुझा नकाशा सहा वर्षं माझ्या टेबलावर आहे, सेवेरिन. जिथे भुयार विटांनी बुजवलेलं आहे, तिथे तिथे तू तोच झेड काढला आहेस, आपल्या भाषेतल्या ‘बंद’चं पहिलं अक्षर. बंद.

म्हणून आज दुपारी मी साल देऊन आले. क्रूस, २००३. आईच्या एक वर्ष आधीचं. आता पुस्तक उघडणारा कुणीही म्हणेल, बिचारा आधीच गेला होता, कसा येणार? आईचं बोलणंही खरं झालं आणि तूही सुटलास. या नाताळला मी ताट मांडणार नाही, आणि या पाकिटात पापडीही नाही. मी तुला काय केलंय ते तुला माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. हे पत्र परत पाठवलंस तरी चालेल. फक्त या वेळी पाकिटावरचं ते दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घे.

तुझीच,
पोला